सोलापूरच्या उन्हाळ्याआधी प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलताना

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत निमूट चालणारा कॉम्प्युटर एप्रिलच्या दुपारी पंख्याचा आवाज वाढवतो, मग अडखळायला लागतो आणि मे महिन्यात कधीतरी कामाच्या मधेच बंद पडतो. यंत्र तेच, काम तेच, फक्त खोलीतली हवा बदललेली. साध्या पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. खोलीच्या तापमानावर ठरावीक अंश चढूनच तो चालतो. पूर्ण कामाला जुंपल्यावर हा फरक ४८ अंशांचा असेल, तर २४ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७२ वर राहील आणि पत्र्याखालच्या ४१ अंशांच्या खोलीत ८९ वर जाईल. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर यंत्र बंद करतो. थंड हवेच्या गावात आठ-दहा अंशांची ढिलाई खपून जाते. सोलापुरात ती खपत नाही.

ही ढिलाई दोन जागी होते: हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांत (फिन्समध्ये) अडकलेला कापूस आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली वाळलेली किंवा नीट न बसलेली पेस्ट. दोन्ही हाताशी असलेल्या साधनांनी दुरुस्त होतात. मात्र दोष नेमका कुठं आहे ते आधी पाहा. पेस्टची ट्यूब त्यानंतर उघडा.

आधी मोजा

एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांपैकी तापमान दाखवणारं कुठलंही एक सॉफ्टवेअर टाका. तीन आकडे कागदावर लिहा: खोलीचं तापमान, कॉम्प्युटर नुसता चालू असतानाचं तापमान आणि दहा मिनिटं पूर्ण ताण दिल्यावरचं तापमान. ताण द्यायला सिनेबेंच या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची चाचणी पुरते. खोलीचा आकडा लिहिला नाही तर बाकी दोन आकड्यांना अर्थ राहत नाही, कारण सकाळी सहाला घेतलेलं माप आणि दुपारी तीनला घेतलेलं माप यांची तुलनाच होत नाही. बघायचा तो फरक: प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान.

ताण दिल्यावर आकडा कसा चढतो तेही नीट बघा. सुरुवात केल्याबरोबर दोन-तीन सेकंदांत तो ९५ ला जाऊन भिडला, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाहीये. दोष पेस्टमध्ये किंवा कूलरच्या बसण्यात आहे. आकडा हळूहळू, पाच-दहा मिनिटं घेत वर सरकत गेला, तर उष्णता हीटसिंकमध्ये येते आहे पण तिथून हवेत जात नाही. तिथं दोष कापसाचा, पंख्याचा किंवा कॅबिनेटमधल्या कोंडलेल्या हवेचा. आणखी एक साधी खूण आहे. प्रोसेसर ९५ दाखवत असताना हीटसिंकच्या पट्ट्यांना, फिरत्या पंख्यापासून बोट लांब ठेवून, कडेनं हात लावा. पट्ट्या जेमतेम कोमट असतील तर पेस्टकडे बघा. चटका बसण्याइतक्या तापल्या असतील तर पेस्ट आपलं काम करते आहे, तिला हात लावू नका.

कापूस

पूर्व भागात, साखर पेठेत, अशोक चौकाच्या आसपास किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांजवळ जे कॉम्प्युटर चालतात, त्यांच्यात साधी धूळ साठत नाही. तिथं तंतू साठतात. टॉवेल आणि चादरीच्या सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत येतात, पंखा ते आत ओढतो आणि पंख्याच्या खाली, फिन्सच्या माथ्यावर त्यांचा थर जमतो. वरून बघितलं तर पाती स्वच्छ दिसतात, पंखा जोरात फिरतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पंखा काढला की खाली करड्या रंगाची, कापडासारखी विणलेली एक अखंड गादी निघते. चिमट्यानं एक कोपरा धरून ओढली तर ती तुकड्यांत येत नाही, सबंध सोलून येते, आणि तिच्या खालच्या बाजूला फिन्सच्या रेघा उमटलेल्या असतात. या गादीतून हवा जातच नाही. अशा यंत्राला जगातली सर्वांत भारी पेस्ट लावली तरी काही फरक पडणार नाही.

म्हणून पंखा काढूनच साफसफाई करा. पंखा जागेवर ठेवून वरून ब्लोअर मारला तर तो थर फिन्समध्ये आणखी खोल ठासला जातो. आधी चिमट्यानं जेवढं सोलून निघेल तेवढं काढा, मग खालच्या बाजूनं किंवा कडेनं हवा मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. हीटसिंक मदरबोर्डवरून, म्हणजे प्रोसेसर ज्यावर बसतो त्या मुख्य बोर्डावरून, पूर्ण काढलेला असेल आणि पंखा वेगळा केला असेल तर तो पाण्यानंही धुता येतो, पण बोअरच्या पाण्यानं धुऊ नका. क्षार वाळून पट्ट्यांवर पांढरा थर बसतो. पिण्याच्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका.

स्वयंपाकघराला लागून कॉम्प्युटर असेल तर फोडणीचा तेलकटपणा आणि तंतू मिळून चिकट राप बसतो. तो नुसत्या हवेनं निघत नाही, ब्रश आणि अल्कोहोल लागतं.

एवढं करून पुन्हा मोजा. फरक आटोक्यात आला तर इथंच थांबा. पेस्ट दरवर्षी बदलायची वस्तू नाही. बऱ्यापैकी पेस्ट डेस्कटॉपवर तीन ते पाच वर्षं चांगली टिकते.

पेस्ट करते काय

प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना सपाट दिसतात. भिंगाखाली पाहिलं तर दोन्हीवर ओरखडे आणि खळगे असतात. दोन्ही एकमेकांवर ठेवले की खरा धातू-धातूचा स्पर्श थोड्याच जागी होतो, उरलेल्या जागी हवा कोंडते. हवेची उष्णतावहनक्षमता ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, चांगल्या पेस्टची साधारण ४ ते ९, तांब्याची जवळपास ४००. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगली, पण तांब्यापुढे पन्नास ते शंभर पटींनी वाईट. या तीन आकड्यांतून पुढचे सगळे नियम निघतात. खळगे भरायला पेस्ट हवी. जिथं धातू धातूला भिडू शकतो तिथं ती मधे यायला नको. फरशीच्या सांध्यात सिमेंट भरतात, फरशीवर थापत नाहीत, तसंच हे. जाड थर म्हणजे तांब्याच्या वाटेत आपणच घातलेला अडसर.

काय काय लागेल

पेस्ट: आर्क्टिक एमएक्स-४ किंवा एमएक्स-६, नॉक्टुआ एनटी-एच१ यांसारखी विजेला वाहू न देणारी कुठलीही पेस्ट घ्या. ६५ वॅटच्या प्रोसेसरवर चांगल्या आणि अत्युत्तम पेस्टमध्ये दोन-तीन अंशांहून जास्त फरक सहसा पडत नाही, त्यामुळे महागड्या ट्यूबपेक्षा नीट बसवण्यावर मेहनत घ्या. नावाजलेल्या पेस्टच्या नकला बाजारात फिरतात, तेव्हा खात्रीच्या दुकानातून आणि बिल घेऊनच ट्यूब घ्या.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात छोट्या डबीत मिळणारं पांढरं हीटसिंक कंपाउंड ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरसाठी असतं. बहुतेक डब्यांत झिंक ऑक्साइड आणि सिलिकॉन तेल असतं. जुन्या, कमी वॅटच्या प्रोसेसरवर अडीनडीला ते चालतं, पण लवकर वाळतं. नव्या प्रोसेसरवर लावू नका.

लिक्विड मेटल घरच्या कामाला घेऊ नका. त्यात गॅलियम असतं. ते ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला पोखरून ठिसूळ करतं, शिवाय त्यातून वीज वाहते. एक थेंब घरंगळून मदरबोर्डवर गेला तर बोर्ड जातो.

अल्कोहोल: ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल, ९९ टक्के मिळालं तर उत्तम. हाताला लावायचं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर आणि पेट्रोलही नको, प्लास्टिक खराब होतं.

पुसायचं कापड: इथं सोलापूरकराचा हात सवयीनं टॉवेलकडे जातो. टेरी टॉवेल अंग पुसायला उत्तम, कारण त्याचे उभे फास पाणी शोषतात. पण तेच फास तंतू सोडतात, आणि झाकणावर राहिलेला एक तंतू पेस्टच्या थरापेक्षा जाड असू शकतो. चष्मा पुसायचं फडकं किंवा धुऊन धुऊन मऊ पडलेलं जुनं सुती धोतर घ्या.

बाकी २ नंबरचा चौफुली स्क्रूड्रायव्हर, प्लास्टिकचा चिमटा, मऊ ब्रश, जुनं प्लास्टिकचं कार्ड.

कूलर काढणं

सोलापुरात कूलर म्हटलं की आधी वाळ्याचा कूलर आठवतो, म्हणून सांगून ठेवतो: इथून पुढं कूलर म्हणजे प्रोसेसरवरचा हीटसिंक आणि पंखा.

काढण्याआधी यंत्र दहा मिनिटं ताण देऊन चालवा. गरम पेस्ट मऊ असते आणि कूलर सहज सुटतो. मग बंद करा आणि प्लग सॉकेटमधून ओढून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. जुन्या घरांत अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि त्या अवस्थेत मदरबोर्डला हात लावायचा नाही. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घाला. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावरच्या कपड्यांमुळं साठणारी वीज चिपला मारू शकते.

कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली. पंख्याचा कनेक्टर कुठं लावलेला आहे ते बघून ठेवा, त्याच्याशेजारी सीपीयू फॅन असं छापलेलं असतं. वायर ओढू नका, कनेक्टर धरून काढा.

इंटेलच्या प्रोसेसरबरोबर डब्यात येणाऱ्या कूलरला चार प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, त्या दिशेनं पाव वळसा द्या आणि वर ओढा. एएमडीचा रेथ स्टेल्थ कूलर चार स्प्रिंगच्या स्क्रूंवर बसतो. एकेक स्क्रू पूर्ण काढू नका, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जा. शेवटचा स्क्रू निघाला की मदरबोर्डच्या मागची आधारपट्टी सुटते आणि कॅबिनेट उभं असेल तर खाली पडते. आडवं ठेवायचं ते यासाठीही.

आता सगळ्यांत नाजूक भाग. कूलर सरळ वर उपटू नका. डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा, दोन-तीन अंशच, पेस्टची पकड सुटल्याची जाणीव होईपर्यंत. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) प्रोसेसरला वरून दाबणारी चौकट नसते. वाळलेली पेस्ट चिकटलेली असताना कूलर झटक्यात ओढला तर लॉक असलेल्या सॉकेटमधूनही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि त्याच्या १३३१ पिनांपैकी काही वाकतात. वाकलीच पिन, तर पेन पेन्सिलीचं रिकामं टोक तिच्यावर चढवून हळूहळू सरळ करता येते, किंवा पिनांच्या दोन ओळींमधून कार्डाची कड सरकवून. एकदा सरळ केलेली पिन टिकते, दोनदा वाकवली तर तुटते. इंटेलच्या आणि एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरवर धातूची चौकट असते, त्यामुळं तिथं ही भीती नाही. पण त्यांच्या पिना सॉकेटमध्ये असतात. म्हणून प्रोसेसर सॉकेटमधून काढूच नका. जागेवर, लीव्हर लावलेला असतानाच पुसा आणि तिथंच पेस्ट लावा. सॉकेटच्या पिनांत गेलेली पेस्ट पूर्ण निघणं फार अवघड असतं.

पुसणं

जुनी पेस्ट बघून बरंच कळतं. ओलसर, करडी आणि सगळीकडे सारखी पसरलेली असेल तर ती ठीक होती. चुन्याच्या पोपड्यासारखी भेगाळली असेल, बोटाच्या दाबानं भुगा होत असेल, तर तिच्यातलं तेल गेलेलं आहे. मधली जागा जवळजवळ कोरी आणि कडेला जाड वळ असेल, तर रोजच्या तापण्या-निवण्यानं धातू फुगत-आकसत राहून पेस्ट मधून बाहेर ढकलली गेली आहे. एकाच बाजूला जाड थर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं दिसलं तर मागच्या वेळी कूलर वाकडा आवळला होता. तो दोष नव्या पेस्टनं जाणार नाही, आवळण्याची पद्धत बदलावी लागेल.

जाड थर आधी कार्डाच्या कडेनं खरवडा. स्क्रूड्रायव्हर किंवा सुरी वापरू नका. मग फडक्यावर अल्कोहोल घ्या, प्रोसेसरवर थेट ओतू नका. पुसताना कडेकडून मध्याकडे या, म्हणजे मळ मदरबोर्डवर न जाता मध्ये जमा होईल. तिथून उचला, फडक्याची कोरी बाजू घ्या आणि पुन्हा पुसा. फडक्यावर करडा डाग उमटायचा थांबेपर्यंत हे करत राहा. झाकणावरची अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. तसाच कूलरचा तळही. दोन मिनिटांत अल्कोहोल उडून जातं. त्यानंतर दोन्ही पृष्ठभागांना बोट लावू नका, कातडीचा तेलकटपणाही नको आहे.

किती लावायची

हिशेब करून बघा. झाकण साधारण ३० बाय ३० मिलिमीटरचं आणि थर एक दशांश मिलिमीटरचा धरला तर ९० घन मिलिमीटर पेस्ट लागते. अख्ख्या तुरीचा दाणा साधारण तेवढाच असतो. म्हणून इंटेलच्या एलजीए ११५१ आणि १२०० सारख्या सॉकेटच्या प्रोसेसरवर मधोमध तुरीच्या एका दाण्याएवढा थेंब टाका आणि थांबा. वजनात हे पाव ग्रॅमच्या आसपास जातं, त्यामुळं ४ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये १५-१६ वेळा काम होतं. एका वेळी अर्धी ट्यूब संपत असेल तर काहीतरी चुकतंय.

एएम४, एएम५ आणि एलजीए १७०० वरची झाकणं मोठी असतात. एलजीए १७०० चा प्रोसेसर ४५ बाय ३७.५ मिलिमीटरचा, म्हणजे लांबट. तिथं एकाच थेंबानं कोपरे कोरडे राहतात. मधे तुरीचा दाणा आणि चार कोपऱ्यांकडे, कडेपासून पाच-सहा मिलिमीटर आत, चार बारीक ठिपके टाका, मोहरीपेक्षा मोठे आणि ज्वारीपेक्षा लहान. एएम५ च्या झाकणाला कडेनं खाचा आहेत आणि त्या खाचांत बारीक कपॅसिटर दिसतात. तिथं थोडी पेस्ट ओघळली तरी ती विजेला वाहू न देणारी असल्यानं बिघाड होत नाही, पण पुढच्या वेळी पुसायचा ताप होतो. ठिपके खाचांपासून लांब ठेवा.

कार्डानं पसरवू का, असं सगळे विचारतात. धातूचं झाकण असलेल्या प्रोसेसरवर गरज नाही. कूलरच्या दाबानं थेंब मधून बाहेर पसरतो आणि हवेला पुढं ढकलत नेतो. हातानं पसरवलेला थर उंचसखल राहतो आणि त्या खड्ड्यांत हवा कोंडते.

थोडी जास्त झाली तर काय? कडेनं बाहेर येईल, एक-दोन अंश वाढतील. कमी झाली तर एक कोपरा उघडा राहील आणि त्याच्या खाली कोअर, म्हणजे प्रोसेसरचा प्रत्यक्ष काम करणारा भाग, असला तर तो एकटाच तापेल. चूक करायचीच तर किंचित जास्तीकडे करा. मे महिन्यात पेस्ट पातळ होऊन भसकन येते, तेव्हा पहिला ठिपका कागदावर काढून अंदाज घ्या. डिसेंबरच्या सकाळी घट्ट असते, तेव्हा ट्यूब पाच मिनिटं मुठीत धरा.

नवा कूलर घेतला असेल तर तळ आधी बघा. तीन करड्या पट्ट्या किंवा चौकोनी ठसा असेल तर ती कारखान्यात लावलेली पेस्ट आहे. तशीच बसवा, वर आणखी लावू नका. पण ती एकदाच चालते. आणि तळावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद असेल तर तो काढा. नवा कूलर, नवी पेस्ट आणि तरी पहिल्याच मिनिटाला ९५ अंश, यामागं हा न काढलेला कागद फार वेळा सापडतो.

बसवणं आणि आवळणं

पेस्ट लावण्याआधी एकदा कोरडा कूलर ठेवून बघा: वायर कुठून जाईल, रॅम आड येते का, चारही भोकं जुळतात का. मग पेस्ट, मग कूलर सरळ वरून खाली. एकदा टेकवला की सरकवू नका, उचलू नका. उचललात तर दोन्ही बाजूंना पेस्टचे उंचवटे उठतात आणि पुन्हा ठेवताना त्यांच्यात हवा अडकते. तसं झालंच तर सगळं पुसून पहिल्यापासून. पाव ग्रॅम पेस्टचा मोह धरू नका.

आवळताना गाडीच्या चाकाचे नट आठवा. पहिला स्क्रू दोन-तीन वळसे, मग त्याच्या तिरक्या समोरचा, मग उरलेले दोन. चारही धरले की अर्धा अर्धा वळसा त्याच क्रमानं. एकच कोपरा आधी घट्ट केला तर कूलर पाचरीसारखा बसतो आणि पेस्ट दुसरीकडे पळते. नंतर कितीही आवळलं तरी ती परत येत नाही. स्प्रिंगचे स्क्रू जिथं आपोआप अडतात तिथं थांबा, जोर लावून पुढं नेऊ नका.

इंटेलच्या खिट्ट्या आधी बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणा, नाहीतर त्या अडकतच नाहीत. तिरक्या समोरासमोरच्या दोन एकाच वेळी अंगठ्यांनी दाबा, टक्क असा आवाज यायला हवा, मग उरलेल्या दोन. त्यानंतर प्रत्येक खिट्टी हलकेच वर ओढून बघा. कॅबिनेटची मागची बाजू उघडी असेल तर मागून पाहा: पांढऱ्या पाकळ्यांच्या मधे काळी खिट्टी आरपार आलेली दिसली पाहिजे. चारपैकी एक अर्धवट अडकलेली खिट्टी हे या कूलरचं कायमचं दुखणं आहे आणि त्याचा दोष पेस्टवर येतो.

पंख्याचा कनेक्टर लावा. विसरलात तर चालू करताना बहुतेक मदरबोर्ड पंखा नसल्याचा इशारा देतात. कॅबिनेट बंद करण्याआधी पंखा फिरतोय ते डोळ्यांनी बघा.

पुन्हा मोजा

पहिल्यासारखेच तीन आकडे घ्या, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी. फरक कमी झाला असेल तर काम झालं. एकही अंश उतरला नाही तर पेस्ट मुळात ठीक होती, दोष हवेच्या वाटेत आहे. आधीपेक्षा वाढला तर कूलर नीट बसलेला नाही. अशा वेळी उघडून ठसा बघा: झाकणभर पातळ, सारखा थर दिसला तर दाब बरोबर होता, अर्धचंद्र दिसला तर एक बाजू सैल होती, मधे गोल आणि चारही कोपरे कोरे दिसले तर पेस्ट कमी पडली. ठसा बघण्यासाठी उचलला की पुसून नवी पेस्ट लावावीच लागते.

एलजीए १७०० वर मधला भाग किंचित खोलगट होतो, कारण सॉकेटची चौकट लांबट प्रोसेसरला मधल्या बाजूंनी दाबते. सगळं नीट करूनही चार-पाच अंश जास्त येत असतील तर मूळ चौकटीऐवजी बसवायची कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते. ६५ वॅटच्या प्रोसेसरला तिची गरज नाही.

वाळ्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. हवा थंड लागते हे खरं, पण तिच्याबरोबर क्षाराच्या पाण्याचे तुषार आत जातात आणि दमट झालेले तंतू फिन्सना जास्तच चिकटतात. कूलर खोली थंड करू दे, कॅबिनेट त्याच्या झोतापासून बाजूला आणि जमिनीपासून फूटभर वर ठेवा.

लॅपटॉप असेल तर

लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं, काचेसारखी चकचकीत उघडी चिप असते. इथं तीन गोष्टी बदलतात. चिप लहान असल्यानं पेस्ट ज्वारीच्या दाण्यापेक्षा जास्त लागत नाही. ती पसरवावी लागते, चारही कोपरे झाकले जाईपर्यंत, कारण उघड्या चिपचा कोरा राहिलेला कोपरा लगेच तापतो. आणि खरवडायला कार्डसुद्धा वापरायचं नाही, फक्त अल्कोहोलचं फडकं, कारण कड टवकते. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. त्या क्रमानं आवळा, आणि काढताना उलट क्रमानं सोडा.

आजूबाजूच्या चिपांवर मऊ रबरासारखे थर्मल पॅड असतात. फाटले तर तेवढ्याच जाडीचे नवे आणा, अर्धा, एक किंवा दीड मिलिमीटर जे असेल ते. पॅडच्या जागी पेस्ट भरून चालत नाही, तिथली फट पेस्टच्या आवाक्याबाहेरची असते. आणि जास्त जाड पॅड घातला तर हीटसिंक प्रोसेसरवर टेकतच नाही.

उघड्या चिपवरून पेस्ट लवकर बाहेर ढकलली जाते, त्यामुळं पातळ पेस्टपेक्षा घट्ट पेस्ट बरी. हनीवेल पीटीएम७९५० ही पातळ पत्री त्याहून बरी: ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन खळग्यांत शिरते आणि निवल्यावर तिथंच राहते. चिपच्या मापानं कात्रीनं कापायची आणि दोन्ही बाजूंचा कागद सोलून ठेवायची. मात्र एप्रिल-मे महिन्यात सोलापूरची खोलीच ४० च्या पुढं असते, त्यामुळं पत्री आधीच चिकट होते आणि कागदाबरोबर फाटून येते. कापण्याआधी ती बंद पिशवीत घालून दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी लवकर काम उरका. बसवल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत तापमान आणखी थोडं उतरतं, म्हणून पहिल्या तासाच्या आकड्यावर निकाल लावू नका.

उरलेल्या ट्यूबचं

टोक पुसून झाकण घट्ट लावा आणि ट्यूब झाकणाची बाजू खाली करून कपाटात ठेवा. पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवली तर उन्हाळ्यात तेल वेगळं होतं. पुढच्या वेळी पहिल्यांदा पिवळसर पाणी आलं तर ते कागदावर काढून टाका. त्यामागून येणारी पेस्टही रवाळ, कोरडी वाटली तर ट्यूब टाकून द्या. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर मार्करनं तारीख, पेस्टचं नाव आणि ताणाखालचा फरक लिहून ठेवा, उदाहरणार्थ खोलीपेक्षा ४४ अंश वर. पुढच्या मार्चला हाच आकडा ५२ दिसला, तर आधी पंखा काढा आणि खाली कापूस बघा.